मायसेलर वॉटरने गाल का चरचरतात?

प्रश्न : माझी त्वचा नाजूक आहे, फेसवॉशने गाल लाल होतात. रोज लोकलचा प्रवास, त्यामुळे सनस्क्रीन आणि काजळ लागतंच. म्हणून मायसेलर वॉटर, म्हणजे कापसावर घेऊन चेहरा पुसायचं पाणी, आणलं. बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असं लिहिलंय. तिसऱ्या दिवसापासून गाल चरचरतायत. बंद करू का?
– वाचक, दादर

सध्या थांबवा, पण बाटली टाकू नका. हे दिसतं पाण्यासारखं, पण त्यात साबणाचाच एक सौम्य भाऊबंद असतो : सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पुरेसे रेणू जमले की तेलाची टोकं आत वळवून ते बारीक गोळे करतात. हेच मिसेल. काजळ, सनस्क्रीन, चेहऱ्याचं तेल त्यांच्यात अडकून कापसावर येतं. चेहरा न धुता झोपलात की पाणी उडून जातं आणि सर्फॅक्टंट गालावर राहतो, तो त्वचेची स्वतःची तेलंही सैल करतो. काहींना ते सोसतं, नाजूक त्वचेला बहुधा नाही.

‘धुऊ नका’ हा सल्ला पॅरिससारख्या, नळाला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं आणि त्वचा कोरडी करणारं पाणी येणाऱ्या शहरात समजण्याजोगा आहे. मुंबईत तानसा-भातसाचं पालिकेचं पाणी मऊ असतं, तेव्हा खुशाल धुवा. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, तर शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारा.

दुसरा संशयित म्हणजे घासणं. थेंबभर पाण्यात कापूस फिरवला की तो चेहऱ्यावर ओढला जातो. पॅड पूर्ण भिजवा, गालावर पाच सेकंद टेकवा, मग हलकेच खाली ओढा. मळलेली बाजू पुन्हा चेहऱ्याला लावू नका. नंतर साध्या पाण्याने धुऊन, टिपून, त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

चरचर पूर्ण थांबल्यावरच पुन्हा सुरुवात करा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तिथे काही झालं नाही तर चेहऱ्यावर एक रात्र सोडून एक. त्या काळात नवं सीरम वगैरे सुरू करू नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. बाटलीवरची घटकांची यादीही वाचा. परफ्यूम, अल्कोहोल डिनॅट (त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल), मेन्थॉल किंवा सुगंधी तेलं असतील तर ती बाटली घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. ‘अनसेंटेड’ शब्दावर विसंबू नका : वास झाकण्यासाठी घातलेला सुगंध त्यात असू शकतो. पापण्या सुजल्या, पुरळ आलं किंवा पाणी सुटलं, तर प्रयोग बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वॉटरप्रूफ काजळ मायसेलर वॉटरने निघतच नाही. सकाळी डोळ्यांखाली काळं दिसतं.
– वाचक, मुलुंड

वॉटरप्रूफ काजळातलं मेण आणि सिलिकोन साध्या मायसेलर वॉटरला जड जातं. तेल आणि पाणी असे दोन थर दिसणारी बाटली घ्या. वापरण्यापूर्वी नीट हलवा, नाहीतर पॅडवर एकच थर येतो. भिजलेला पॅड मिटलेल्या डोळ्यावर १५ सेकंद ठेवा, मग वरून खाली पुसा. कॉन्टॅक्ट लेन्स त्याआधी काढा. नंतर पापण्यांवरचं तेल धुवायचंच.

प्रश्न : बाटली महाग पडते. निम्मं गुलाबपाणी घालून पुरवली तर?
– वाचक, बोरिवली

नको. सर्फॅक्टंटचं प्रमाण ठरावीक पातळीखाली गेलं की मिसेल सुटतात, मग हातात उरतो तो महागडा ओला कापूस. शिवाय टिकवण्यासाठी घातलेलं औषधही पातळ होतं आणि आपल्या दमट हवेत, बाथरूमच्या फळीवर, त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा लहान बाटली घ्या. बाटलीवरच्या उघड्या डबीच्या चित्रात ‘६एम’ (6M) असेल तर उघडल्यापासून ६ महिन्यांत संपवा. उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा.