संसर्ग प्रतिबंधाच्या क्षेत्रात मुलीने जावे का?

सप्रेम नमस्कार,

खानापूरहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून बेळगावात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करत असलेल्या आपल्या मुलीला प्राध्यापकांनी रुग्णालयातील संसर्ग प्रतिबंधाचे क्षेत्र सुचवले आहे. मात्र हे परिचारिकांचे आणि साफसफाईवर देखरेखीचे काम असल्याने एवढे शिकून त्यात का जावे, असे आपण विचारता.

देखरेख त्यात आहेच. पण या कामाचा गाभा मोजणी आणि शोध हा आहे. लघवीची नळी घातलेल्या रुग्णांत दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) किती संसर्ग झाले, ते कोणत्या वॉर्डात वाढले आणि का, हे महिन्यामागून महिने तपासावे लागते. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी हात धुण्याचा आग्रह धरला, त्यामागेही दोन प्रसूतिकक्षांतील मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवून पाहणे होते. रोगपरिस्थितीविज्ञान (एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) आणि संख्याशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांची येथे खरी गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. दर २५० खाटांमागे या कामासाठी किमान एक प्रशिक्षित, पूर्णवेळ व्यक्ती असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवले आहे.

अडचणही स्पष्ट सांगतो. ‘इन्फेक्शन कंट्रोल नर्स’ या पदासाठी नर्सिंगचे शिक्षण लागते, त्यामुळे तो मार्ग आपल्या मुलीला खुला नाही. तिने रुग्णालयाचा गुणवत्ता विभाग, एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनाची तयारी आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचे सर्वेक्षण यांतून शिरकाव करावा. सरकारी रुग्णालयांतही २०१५ पासूनच्या ‘कायाकल्प’ या स्वच्छतेसाठी पुरस्कार देणाऱ्या योजनेत संसर्ग नियंत्रणाला गुण असतात. पदवीइतकाच प्रत्यक्ष अनुभव येथे पाहिला जातो, म्हणून प्रबंधाचा विषय आताच रुग्णालयातला घ्यावा. हात स्वच्छ करण्याच्या ठरलेल्या पाच प्रसंगांचे (उदा. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर) वॉर्डातील निरीक्षण हा उत्तम विषय ठरेल. बेळगावातील बिम्स (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा केएलई रुग्णालयात त्यासाठी मार्गदर्शकांमार्फत रीतसर परवानगी मागावी. आणि कन्नड बोलण्याचा सराव तिने आजपासूनच वाढवावा, कारण वॉर्डातील आया, सफाई कर्मचारी आणि परिचारिका यांचा विश्वास मिळाल्याशिवाय या कामात खरी माहिती हाती येत नाही.

तिलाच संसर्ग होईल ही आपली धास्ती मी समजू शकतो. वॉर्डात जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा झाल्या आहेत का ते पाहावे. नसल्यास लगेच सुरुवात करावी, कारण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेत सहा महिन्यांचे अंतर असते.