पाच नावांचा पेपर 'लिहिला' कोणी?

नागपुरातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. तिचा विषय नॅनो पदार्थांची उच्च तापमानातली ऊष्मागतिकी, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स. या कामावर एका मराठी मासिकासाठी लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत तिने लिहिलं, 'पाच लेखकांनी लिहिलेल्या आमच्या शोधनिबंधात…'. ते वाचून आजोबांनी विचारलं, "पाच जनायनं मिळून आठ पानं लिवली काय वं?" तिला तीन गोष्टी हव्या आहेत. ऑथरला 'लेखक' म्हणावं की 'कर्ता', 'निबंधकार' असं काही? 'लेखकत्व मोजणं' असा प्रयोग चालेल का? आणि ऊष्मागतिकीतला ऊ ऱ्हस्व की दीर्घ?

आजोबांचा कान पक्का आहे. वाक्य खरोखरच अडखळतं. पण अडचण 'लेखक' या नामात नाही, 'लिहिलेल्या' या क्रियापदात आहे.

'लेखक' या शब्दाचा प्रवास आधी बघू. मूळ धातू लिख्, म्हणजे कोरणं, ओरखडणं. लेखक म्हणजे हाताने अक्षरं उतरवणारा. महाभारताच्या प्रचलित पाठात व्यास गणपतीला विनवतात, 'लेखको भारतस्यास्य भव त्वं गणनायक'. रचना व्यासांची, लेखक मात्र गणपती. मराठीत हीच विभागणी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लख्ख दिसते: 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥'. शके 1212 म्हणजे इ.स. 1290. टीका 'केली' ज्ञानेश्वरांनी, 'लेखकु' झाले सच्चिदानंदबाबा. दोघांची नावं एकाच ओवीत आहेत, प्रत्येकाच्या कामाला वेगळं क्रियापद आहे, आणि कोणाचंही काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही. श्रेय कसं नोंदवावं याचा इतका नेमका मराठी नमुना मला दुसरा माहीत नाही.

पुढे हा शब्द हातावरून डोक्याकडे सरकला. आज कादंबरी तोंडी सांगून दुसऱ्याकडून टंकून घेतली तरी सांगणारा लेखक असतो आणि टंकणारा लेखनिक. पूर्वी या जागी ग्रंथकर्ता, ग्रंथकार, टीकाकार, भाष्यकार असे शब्द होते. त्यांचं बरंचसं काम एकट्या 'लेखक'ने घेतलं. शोधनिबंधात त्याने आणखी एक पाऊल टाकलं आहे. तिथे लेखक म्हणजे त्या निबंधातल्या मजकुराला जबाबदार असलेली व्यक्ती. तीन अर्थ एकाच शब्दात राहतात, म्हणून गोंधळ होतो.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ, म्हणजे लिहिणं हा कामाचा किती लहान तुकडा आहे ते दिसेल. वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था असल्यामुळे ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, हा पदार्थ नागपूरला परका नाही. त्याच्या स्फटिकांची अल्फा, गॅमा अशी वेगवेगळी रूपं असतात. जाडसर कणांचा ॲल्युमिना अल्फा रूपात स्थिर असतो. अगदी बारीक कणांची पूड मात्र गॅमा रूपात मिळते, आणि तसं का, हे बराच काळ मोजून दाखवता आलं नव्हतं. 1997 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या निबंधाने ते दाखवलं. त्यावर चार नावं आहेत, शेवटचं अलेक्झांड्रा नवरोत्स्की यांचं.

त्यांची पद्धत अशी. सुमारे 700 अंश सेल्सिअसला वितळलेलं लेड बोरेट कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, ठेवायचं आणि खोलीच्या तापमानाला असलेली पुडीची काही मिलिग्रॅमची गोळी वरून त्यात सोडायची. गोळी विरघळते आणि त्यात किती उष्णतेची देवघेव झाली ते नोंदवलं जातं. जाड कण टाका की बारीक, विरघळल्यावर दोघांची अवस्था एकच होते. त्यामुळे दोन उष्णतांमधला फरक हा मुळातल्या पुडींमधला फरक असतो आणि त्यातून पृष्ठभागाची ऊर्जा निघते. एक खोच आहे. बारीक पूड हवेतलं पाणी धरून ठेवते. ते पाणी वेगळं मोजून वजा केलं नाही तर आकडा सगळा पाण्याचाच येतो. उत्तर आलं ते असं: अल्फाच्या पृष्ठभागाची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे 2.6 ज्यूल, गॅमाची सुमारे 1.7. म्हणजे पृष्ठभाग वाढवत नेला तर अल्फाला तो महाग पडतो, आणि एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण 125 चौरस मीटरच्या वर गेलं की गॅमाच अधिक स्थिर ठरतो.

आता या कामातली क्रियापदं वेगळी काढून बघा. पूड बनवली. पृष्ठफळ मोजलं. पाणी मोजलं. गोळी सोडली. आकड्यांचा अर्थ लावला. मसुदा लिहिला. 'लिहिला' सगळ्यात शेवटी येतो. कोणाचा कामात काय वाटा, याची जी वर्गवारी वैज्ञानिक नियतकालिकांनी अलीकडे स्वीकारली आहे, ती 'क्रेडिट' या नावाने ओळखली जाते. तिच्यात 14 भूमिका आहेत आणि लिहिण्याशी थेट संबंध असलेल्या फक्त दोन: मूळ मसुदा लिहिणं आणि तो तपासून सुधारणं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती अधिक कडक आहे. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि कामाची जबाबदारी, या चारही अटी पुऱ्या केल्याशिवाय ती कोणाला लेखक मानत नाही. लेखणीला अगदीच सुट्टी नाही, म्हणूनच 'लेखक' हा शब्द टाकून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. 'निबंधकार' म्हटलं की ललित निबंध आठवतात. 'कर्ता' एकटा उभा केला की व्याकरणातला नाहीतर घरातला कर्ता पुरुष डोळ्यांपुढे येतो. 'कर्तृत्व' तर कर्तबगारीच्या अर्थाने इतकं रुजलं आहे की 'या निबंधाचं कर्तृत्व पाच जणांचं' हे वाक्य गौरवपर भाषणातलं वाटेल. 'ग्रंथकर्तृत्वाचा वाद' असा सामासिक वापर मात्र उत्तम मराठी आहे, तो जरूर करा.

मग वाक्य कसं सुधारायचं? उपाय विभक्तीत आहे. '-नी' हा तृतीयेचा प्रत्यय क्रियापद मागतो, आणि क्रियापद आलं की कोणी काय केलं याचा हिशेब द्यावा लागतो. षष्ठीला हे बंधन नाही. 'पाच जणांनी लिहिलेला निबंध' हे वाक्य एक दावा करतं. 'पाच जणांचा निबंध' फक्त नातं सांगतं, आणि जबाबदारीचा अर्थही त्यात येतो. बोलताना आपण हे आपोआप करतोच. प्रयोगशाळेच्या बाहेर चहा घेताना कोणीही 'मी तृतीय लेखिका आहे' म्हणत नाही. 'त्या पेपरात माझं तिसरं नाव आहे', 'सरांचं नाव शेवटी' असंच म्हणतात. 'पाच नावांचा पेपर' हा प्रयोग मासिकातल्या लेखातही शोभेल. हिग्ज या मूलभूत कणाच्या वस्तुमानावर 2015 मध्ये आलेल्या ॲटलास आणि सीएमएस या संशोधक-गटांच्या निबंधाला 5154 नावं होती. 33 पानांपैकी 24 पानं नावं आणि संस्थांच्या यादीतच गेली. तिथे 'लिहिलेला' म्हणणं शक्य तरी आहे का?

एक काम अनेक हातांनी झाल्याचं आपल्या विदर्भाला नवल नसावं. रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी गोळा करून, आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने. आठवण एकाची, पारख दुसऱ्याची, लेखणी तिसऱ्याची. तरी आपण 'म्हाइंभटांचं लीळाचरित्र' म्हणतो, आणि ती षष्ठी कोणाला खटकत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'मोजणं' एकच आहे: ताप मोजतो आणि पैसेही मोजतो. एक मापन, दुसरी मोजदाद. कॅलरीमापीत तुम्ही करता ते मापन. त्याला एकक असतं, चूक किती हे सांगता येतं, दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच आकडा यावा अशी अपेक्षा असते. लेखकत्वाच्या बाबतीत आज जे चालतं ती मोजदाद आहे, आणि तीही लेखकत्वाची नाही. नावांची, आणि इतरांच्या निबंधांत झालेल्या उल्लेखांची. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये मांडलेला एच-इंडेक्स घ्या. तो 20 असणं म्हणजे प्रत्येकी किमान 20 वेळा उल्लेख झालेले 20 पेपर असणं. त्या पेपरवर किती नावं होती, तुमचं नाव कितवं होतं, गोळी तुम्ही सोडली की मसुदा तुम्ही वाचला, यातलं काहीही त्या आकड्याला कळत नाही. पाच नावांचा एक पेपर पाचही जणांच्या खाती पूर्ण एक म्हणून जमा होतो. काही जण त्याऐवजी प्रत्येकाला एक-पंचमांश देतात, पण ती वाटणीसुद्धा समसमान धरलेली, खऱ्या वाट्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. नावांचा क्रमही सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. तुमच्या क्षेत्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं. गणितात वर्णक्रम, तिथे शेवटच्या नावाला काहीच अर्थ नाही.

म्हणून 'लेखकत्व मोजणं' लिहू नका. 'नावांची मोजदाद', 'उल्लेखांची मोजदाद', आणि खऱ्या अर्थाने काही ठरवायचं असेल तर 'वाटा ठरवणं' लिहा. सायटेशनसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या निबंधाचा दाखला देण्यासाठी, 'उद्धरण' टाळावं असंही सुचवते. उद्धरण म्हणजे शब्द जसेच्या तसे उचलून देणं, आणि बहुतेक सायटेशनमध्ये ते नसतं. 'उल्लेख' पुरेसा आहे. तोही लिख् धातूचाच आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

'आम्ही' आणि 'आपण' यांकडेही लक्ष द्या. 'आम्ही गोळी सोडली' इथे वाचक नाही. 'आता आपण आलेख पाहू' इथे आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम आहे. 1975 मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हेदरिंग्टन यांनी एकट्याच्या निबंधात सगळीकडे अनेकवचनी सर्वनाम वापरलं होतं. नियतकालिकाला ते चालणार नाही असं सहकाऱ्याने दाखवून दिल्यावर सगळा मजकूर पुन्हा टंकण्याऐवजी त्यांनी आपल्या मांजराचं नाव, एफ. डी. सी. विलार्ड असं करून, लेखक म्हणून जोडलं आणि निबंध छापूनही आला.

ऊ विषयी थोडक्यात. संस्कृतात ऊष्मन् आणि उष्मन् दोन्ही आहेत. मराठी विश्वकोशात 'ऊष्मागतिकी' दीर्घ आहे, शालेय पुस्तकांत 'अप्रकट उष्मा' ऱ्हस्व. कोणतंही एक घ्या आणि लेखभर तेच ठेवा. मी दीर्घ घेते. 'अब्जांश' तंत्रज्ञानापुढे ठीक आहे, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. पण 'अब्जांश पदार्थ' म्हटलं की एखाद्या पदार्थाचा अब्जावा भाग असा अर्थ लागतो. 'नॅनो पदार्थ', 'नॅनोकण' हेच राहू द्या.

राहिला 'सहलेखक'. सहसंपादक, सहसचिव या शब्दांत 'सह' दुय्यम पद दाखवतो, त्यामुळे 'मी या निबंधाची सहलेखिका' म्हटलं की वाचक मुख्य लेखक कोण ते शोधू लागतो. तुमचं नाव पहिलं असेल तर हा शब्द तुमच्यावर अन्याय करतो. 'माझ्यासह पाच जणांचा निबंध' लिहा, आणि पुढच्याच वाक्यात क्रियापदं द्या: पूड कोणी बनवली, पाणी कोणी मोजलं, गोळी कोणी सोडली, मसुदा कोणी लिहिला. नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्यासाठी 'संपर्क-लेखक' चालेल.