सोलापुरात राहून कोकणातलं जुनं सिनेगॉग वर्षभरात पुन्हा उभं करायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या कोकणातल्या गावचं सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ), जुनी कमिटी पायउतार झाली, सोलापुरात बसलेल्या तुम्हाला मुकादम, म्हणजे सिनेगॉगचा प्रमुख, केलंय, एक दाता पैसे द्यायला तयार आहे, आणि वर्षभरात ‘सगळं नवं’ करून तरुण मुलांना परत आणायचंय. ते ‘सगळं नवं’ वाचलं आणि लिहायला बसले. एका सिनेगॉगचं या दोन शब्दांनी काय झालं ते आधी सांगते. तुमच्या प्रश्नाकडे नंतर वळते.

जांभ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. अशी इमारत पावसाळ्यात भिजते आणि दिवाळीनंतर आपली आपण वाळते, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. तिथल्या कमिटीने दात्याच्या पैशातून आतून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑइलपेंट मारला, खाली ग्रॅनाइट घातलं आणि कौलांखाली पीओपीचं छत टांगलं. बैठकीत चुन्याचं नाव काढलं तर ‘जुनाट विचार’ म्हणून हसले. उद्घाटनाचे फोटो मात्र झकास आले.

पहिल्याच पावसात दोन कौलं सरकली. आधी अशी गळती खालून दिसायची, बादली ठेवायची, दुसऱ्या दिवशी माणूस वर चढवायचा. आता पीओपीने ती झाकली. पाणी छतावरून उताराने मागच्या भिंतीत उतरलं, सिमेंट आणि ऑइलपेंटमुळे तिथेच अडकलं आणि हेखालच्या, म्हणजे पवित्र गुंडाळी ठेवायच्या कपाटाच्या, लाकडी पाठीतून आत शिरलं. नव्याच्या सणाला (ज्यू नववर्षाला) हेखाल उघडलं तर सेफेर तोराच्या, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, मखमलीवर पांढरी बुरशी, आत चर्मपत्राच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या, आणि मजकुराच्या काही स्तंभांत शाई पापुद्र्यासारखी उठलेली. तोरात 3,04,805 अक्षरं असतात. त्यातलं एक जरी गेलं किंवा तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती पासूल, म्हणजे वाचनाला चालत नाही.

त्यानंतर जे उपाय झाले ते आणखी वाईट. एकाने उन्हात धरली. दुसऱ्याने हेखालमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या. मग ठरलं, सोलापूरची हवा कोरडी, तिकडे न्या. सोलापुरात लोखंडी कपाटात ठेवली आणि चैत्र-वैशाख आला. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेलं कातडं चाळीसच्या वर गेलेल्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसतं, पण वरची शाई त्याच्याबरोबर आक्रसत नाही. गुंडाळी उघडली की ती सुटते. ओलीने जेवढी अक्षरं गेली नव्हती तेवढी कोरडेपणाने गेली.

म्हणून पहिलं काम तोराचं. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, ते हेखालमध्ये ठेवा. आकडा 45 ते 55 टक्क्यांत राहिला तर उत्तम. कोकणात पावसाळ्यात ते जमणार नाही, पण एकदम चढउतार होऊ देऊ नका. गुंडाळी महिनोन्महिने एकाच जागी ठेवायची नाही, अधूनमधून पुढे-मागे फिरवायची, म्हणजे प्रत्येक स्तंभाला हवा लागते आणि उठलेली शाई वेळेवर दिसते. बोट लावायचं नाही. ओली झालीच तर सावलीत सपाट पसरून खाली-वर टीपकागद, पंखा खोलीत लावायचा पण गुंडाळीवर रोखून नाही. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन, काही नाही. मग सोफरला, म्हणजे तोरा लिहिणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या लेखनिकाला, दाखवायची. आपल्याकडे सोफर बाहेरून बोलवावा लागतो, म्हणून दोन-तीन सिनेगॉगांनी मिळून एकदाच बोलवा आणि खर्च वाटून घ्या. तोवर पासूल तोराचा पट्टा आवरणाच्या बाहेरून बांधा, म्हणजे हज्जान (प्रार्थना चालवणारा) चुकून तीच काढणार नाही.

गुंडाळायचं कापड साधं मांजरपाट घ्या. सोलापुरात राहून हे सांगायला नको, पण सांगते: नवं कापड खळीचं असतं, आणि खळ म्हणजे पिठाचं जेवण. कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात. गरम पाण्यात दोनदा धुवून, हाताला कडकपणा लागत नाही इतकं मऊ झालं की वापरा. रंगीत चादर नको. ओल लागली तर रंग सुटून कातड्यात उतरतो.

आता इमारत. पाऊस जूनला येणार, तेव्हा काम पेसाखनंतर (मार्च-एप्रिलमधल्या वल्हांडणाच्या सणानंतर) काढू म्हणालात तर गेलात. कौलं फेब्रुवारीत उतरवा. रीप आणि वासे टोकापाशी, वळचणीला, टोचून बघा. कुजणं तिथून सुरू होतं. पन्हाळीचा उतार आधी तपासा, निम्मी गळती तिथलीच असते. जुनी चांगली कौलं फेकू नका, त्याच छापाची नवी मिळत नाहीत आणि वेगळ्या छापाची खाच बसत नाही. आतून सिमेंटचा गिलावा झालेला असेल तर तो खरवडून काढायचा, भिंत महिना-दीड महिना उघडी ठेवायची. वर पांढरं मीठ फुटेल, ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलंत तर परत भिंतीत जातं. मग मुरलेला चुना 1 आणि वाळू 3 असा गिलावा, एका थराला 10 ते 12 मिलिमीटर, एकदम जाड नाही. चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरलेला हवा, नाहीतर कच्चे कण भिंतीत फुलून फोड येतात. प्रत्येक थराला आठवडाभर हलकं पाणी मारा. वर ऑइलपेंट नाही, चुन्याची सफेदी. कंत्राटदार म्हणेल, ‘थोडं सिमेंट घालू, लवकर सुकेल.’ नाही म्हणायचं. तिथेच सगळे फसतात.

दात्याला ग्रॅनाइटच हवं असेल तर ओट्यावर घाला, आत नको. आतली फरशी बंद केली की जमिनीची ओल भिंतीने वर चढते.

कागदपत्रं दिवाळीच्या सुमाराला, हेशवान या हिब्रू महिन्यात उरका. त्या महिन्यात आपला सण नसतो, माणसं मोकळी असतात. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज द्यावा लागतो. आधी पहिल्या परिशिष्टाचा उतारा काढा. त्यात वारलेल्या माणसांची नावं अजून विश्वस्त म्हणून सापडतील. मागच्या दोन कमिट्यांचे अर्ज राहिले असतील तर ते क्रमाने द्यावे लागतात, मधली कडी गाळून तुमचा पुढे सरकत नाही. आवारातली जागा विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली आधी मंजुरी लागते. गावातला कुणी ‘ओळख आहे, नंतर बघू’ म्हणाला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. चांदीची रिमोनिम (तोराच्या दांड्यांवरची शोभेची टोकं), यद (वाचताना ओळीवर धरायची काठी), दिवे वजन करून, फोटो काढून दोन साक्षीदारांच्या सहीने वहीत उतरवा. किल्ल्या दोघांकडे, बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या.

दहा माणसांचं म्हणाल तर दर शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या पवित्र दिवशी) मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, जमवायचा हट्ट सोडा. महिन्यातला एकच शब्बाथ ठरवा आणि तो वर्षभर हलवू नका. दहा हवे असतील तर चौदांकडून होकार घ्या. घरोघरच्या मृतांच्या हिब्रू तारखांची वही करा आणि त्या महिन्यात ज्यांची तिथी येते त्यांनाच आधी फोन लावा. कद्दीशला, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेला, माणूस येतो, व्याख्यानाला येत नाही. सोलापूरहून जाणाऱ्यांनी शुक्रवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघावं, म्हणजे पुण्याहून घाट उतरून सूर्यास्ताच्या आत पोचता येतं. दहा भरले नाहीत तर कद्दीश, केदुशा यांसारखे दहा माणसं लागणारे प्रार्थनेचे भाग आणि गुंडाळीतून वाचन गाळायचं, बाकी तेफिल्ला (प्रार्थना) तशीच करायची, पाराशा (त्या आठवड्याचा तोराचा भाग) छापील पुस्तकातून वाचायचा. नऊ माणसं बसवून दहाव्याची वाट बघत रडत बसू नये. आणि सोलापुरात घरी शब्बाथ धरणाऱ्यांनी मुंबईची वेळ वापरू नये. इथला सूर्य मुंबईच्या सुमारे 12 मिनिटं आधी मावळतो, मेणबत्ती सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायची असते, तिथल्या वेळेने लावली की त्या 18 मिनिटांची 6 उरतात.

मुलांबद्दल तुम्ही मुख्य प्रश्न विचारलाय, पण त्यावर माझ्याकडे मोठं काही नाही. पहिल्या वर्षी प्रार्थनेच्या चाली बदलू नका, बाहेरून आलेल्या कुणाच्या सांगण्यावरून मलिदा ‘धर्मात नाही’ म्हणून बंद करू नका. पोहे, खोबरं, साखर आणि फळांच्या ताटाभोवती जेवढी मुलं बसतात तेवढी पुढे कुठे बसत नाहीत. मलिदा करणाऱ्या बायकांना सभासद यादीत मत आहे का ते सिनेगॉगच्या घटनेत बघा. नसेल तर तो बदल मुलांच्या कार्यक्रमाच्या आधी घ्या, कारण मुलांना गाडीत बसवून आणणाऱ्या त्याच. मिन्यानमध्ये बायका मोजायच्या की नाही हा वेगळा वाद. मुंबईत 1925 साली सुरू झालेल्या ज्यू रिलिजस युनियन या सुधारणावादी संस्थेने तो आपल्यापुरता सोडवला, तुमच्या सिनेगॉगने पहिल्या वर्षी त्यात पडू नये. पण हिशेबाच्या सभेत हात वर करायला दहाव्या पुरुषाची गरज नसते, हे मी पूर्वीही म्हणत होते.

एक राहिलं. वरचं चुन्याचं सगळं जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीला लागू. तुमची इमारत नंतरच्या काळातली आरसीसी असेल तर त्यातलं निम्मं विसरा, आधी सळया गंजल्यात का ते इंजिनिअरकडून बघून घ्या. पीओपी मात्र कुठल्याच छताला नको.