चार औषधे, सहा महिने : क्षयरोगाविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापुरातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने ती एकत्र देत आहे.

प्रश्न : माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांना फुफ्फुसाचा क्षय झाल्याचे निदान होऊन औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले आणि बेडक्याच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत. तरीही आणखी चार महिने गोळ्या घ्याव्याच लागतील, असे सांगण्यात आले आहे. गोळ्यांनी त्यांना मळमळते आणि कामाचे खाडे होतात. जंतू दिसतच नसतील, तर इतकी औषधे एकत्र आणि इतके दिवस कशासाठी?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : वडिलांच्या गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत, हे प्रथम सांगतो. मळमळ होत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर उपाय असतो. डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा नजर अंधूक झाली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीला येणारा नारिंगी रंग या गोळ्यांतील रिफॅम्पिसिन या औषधामुळे असतो आणि तो निरुपद्रवी आहे.

आता औषधे अनेक का, याविषयी. या प्रश्नाचे मूळ 1943 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे आणि तो प्रयोग क्षयरोगावर नव्हताच. साल्वादोर लुरिया हे इटलीतील तुरीन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले संशोधक होते, तर माक्स डेलब्रुक हे जर्मनीत घडलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. दोघेही युरोपातील त्या काळ्या कालखंडात अमेरिकेत आले. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात. असे विषाणू जिवाणूंच्या दाट वाढीवर सोडले की बहुतेक जिवाणू मरतात, पण थोडे तग धरून राहतात. ही प्रतिकारशक्ती त्यांच्यात विषाणूशी गाठ पडल्यानंतर निर्माण होते, की गाठ पडण्याआधीच काही जिवाणूंत ती योगायोगाने आलेली असते, असा वाद तेव्हा होता.

इंडियाना विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात लुरियांनी आपल्या एका सहकाऱ्याला नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राशी खेळताना पाहिले. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही आणि क्वचित एकदम मोठी रास पडते, हे पाहताना त्यांना प्रयोगाची मांडणी सुचली. अनेक नळ्यांत मोजके जिवाणू स्वतंत्रपणे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतील जिवाणू विषाणू पसरलेल्या बशीवर ओतायचे. प्रतिकारशक्ती गाठ पडल्यावर येत असेल, तर प्रत्येक बशीत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखीच येईल. ती आधीच, वाढीच्या काळात कधीतरी येत असेल, तर ज्या नळीत हा बदल लवकर घडला त्या नळीत त्या एका जिवाणूची मोठी प्रजा सापडेल आणि इतर नळ्यांत जवळपास काहीच सापडणार नाही. प्रत्यक्षात काही बश्यांत शून्य, तर काहींत शंभराहून अधिक जिवाणू वाचलेले आढळले. डेलब्रुक यांनी त्यामागचे गणित मांडले आणि प्रतिकार आधीपासूनच असतो हे सिद्ध झाले. या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासह 1969 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने मखमलीच्या तुकड्यावर जिवाणूंच्या वसाहतींचा ठसा घेऊन तो दुसऱ्या बशीवर उमटवण्याची युक्ती काढली. ज्यांचा स्ट्रेप्टोमायसिन या औषधाशी कधीच संबंध आलेला नाही, अशाही वसाहतींत त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू असतात, हे त्यांनी दाखवून दिले. इतका सोपा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच सापडतो.

हे गणित आपल्या वडिलांच्या फुफ्फुसाला लावून पाहू. क्षयाने फुफ्फुसात पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. आयसोनियाझिड या क्षयावरील दुसऱ्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा असतो, म्हणजे त्या पोकळीत असे शंभरेक जंतू पहिली गोळी घेण्यापूर्वीच हजर असतात. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा जंतू साधारण दहा कोटींत एखादा, म्हणजे असा एकजण तेथे असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र या दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू सापडायला दहा लाख गुणिले दहा कोटी इतके जंतू लागतील आणि तेवढे माणसाच्या शरीरात नसतात. एकच औषध दिले तर उरलेल्या शंभरांना मोकळे रान मिळते. औषधे एकत्र दिली तर एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो.

एकच औषध दिल्याने काय होते, हे जगाने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. 1943 साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक आकड्यांवर सोपवण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी या चाचणीत रूढ केली. हिल यांना स्वतःला तरुणपणी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, क्षय झालेला होता. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले होते, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. हे मोठे यश होते, पण त्या 55 जणांपैकी अनेकांच्या बेडक्यात काही आठवड्यांतच औषधाला दाद न देणारे जंतू दिसू लागले आणि पुढील काही वर्षांत दोन गटांमधला फरक बराचसा पुसला गेला. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड देऊन पाहिली, तेव्हा प्रतिकार झपाट्याने कमी झाला. तेव्हापासून क्षयाच्या रुग्णाला एकट्या औषधावर ठेवायचे नाही, हा नियम झाला.

राहिला सहा महिन्यांचा प्रश्न. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. त्यातही काही जंतू जवळपास निद्रिस्त राहतात. बहुतेक औषधे वाढणाऱ्या जंतूवर घाव घालतात, त्यामुळे हे झोपलेले जंतू सुरुवातीच्या माऱ्यातून वाचतात. पूर्वी उपचार दीड वर्ष चालत. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे या रेंगाळणाऱ्या जंतूंवरही चालतात, हे 1970 च्या दशकातील चाचण्यांतून स्पष्ट झाल्यानंतर तो काळ सहा महिन्यांवर आला. याच औषधांचा उपचार चार महिन्यांत थांबवून पाहिला, तेव्हा रोग उलटण्याचे प्रमाण वाढले. म्हणून आज पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा क्रम आपल्याकडे आहे.

दोन महिन्यांनी बेडका स्वच्छ आला ही आनंदाची गोष्ट आहे आणि औषधे लागू पडत असल्याची ती खूण आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असतील तर तपासणी करणाऱ्याची नजर कितीही तरबेज असली तरी ते सुटतात. अहवालात जंतू आढळले नाहीत असे लिहिलेले असते, तेव्हा ते शरीरात उरलेच नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि भौतिकशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. मला रोगांवरील संशोधनात जायचे आहे. त्यासाठी विषय बदलावा लागेल का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बदलू नये. वरील उत्तरातील डेलब्रुक यांचे उदाहरण पुरेसे आहे, पण एक आजचेही देतो. सरकारी रुग्णालयांत क्षयाच्या निदानासाठी सीबीनॅट नावाची तपासणी होते. तिच्यात जंतूच्या जनुकाचा एक छोटासा भाग यंत्रात वाढवला जातो आणि तो जुळला की चमकणाऱ्या रेणूंचा प्रकाश मोजून सुमारे दोन तासांत दोन उत्तरे मिळतात : क्षयाचे जंतू आहेत का, आणि रिफॅम्पिसिन त्यांच्यावर चालेल का. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये या तपासणीची शिफारस केली. तिच्यात प्रकाशशास्त्र, उष्णतेचे नियंत्रण आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचा वाटा सारखाच आहे. आपण प्रकाशशास्त्र आणि संख्याशास्त्र मन लावून शिकावे आणि सुटीत एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करण्याची परवानगी मागावी. संख्याशास्त्राकडे आपले विद्यार्थी फार दुर्लक्ष करतात, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : माझ्या सुनेला क्षय झाला आहे. आम्ही तिचे ताट-वाटी वेगळी ठेवली आहे आणि अंथरूण रोज उन्हात टाकतो. सोलापूरच्या उन्हात जंतू मरतात ना? घरात लहान नातू आहे, म्हणून काळजी वाटते.
— एक आजी, साखर पेठ

उत्तर : आजी, ऊन जंतूंना मारते, हे खरे आहे. आर्थर डाऊन्स आणि थॉमस ब्लंट यांनी 1877 मध्येच ते प्रयोगाने दाखवले होते आणि त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरांना 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे काम उष्णतेपेक्षा अतिनील किरण करतात. साधी काच त्या किरणांपैकी प्रभावी भाग अडवते, म्हणून बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा तेवढा उपयोग नाही.

पण क्षय अंथरुणातून किंवा ताटातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. खोकल्याबरोबर उडालेले बारीक थेंब सुकून इतके हलके होतात की ते जमिनीवर न पडता तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयाच्या वॉर्डातील हवा नळांवाटे गिनीपिग ठेवलेल्या कक्षात सोडली. रुग्णांशी कोणताही संपर्क नसताना त्या प्राण्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील दिव्यांखालून नेऊन दुसऱ्या कक्षात सोडली, तेव्हा तेथील प्राणी निरोगी राहिले.

तेव्हा सुनेचे ताट वेगळे ठेवण्याची काहीही गरज नाही. तिला पंगतीत घ्यावे, कारण आजारपणात वेगळे पाडल्याचे दुःख औषधांनी भरून येत नाही. लक्ष द्यायचे ते हवेकडे. पेरूमधील लिमा येथील रुग्णालयांत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर खोलीतील हवा तासाला सरासरी 28 वेळा बदलत असल्याचे आढळले, तर यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत ती 12 वेळा बदलत होती. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी झळांमुळे खिडक्या बंद कराव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. निदान संध्याकाळपासून सकाळपर्यंत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकला असेपर्यंत सुनेने तोंडाला मास्क किंवा पदर लावावा.

सुनेला घरातून दूर पाठवण्याचा विचार कोणी सुचवत असेल, तर तोही सोडून द्यावा. मद्रास येथील क्षयरोग उपचार केंद्राने 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाटीवाटीच्या गरीब घरांतच राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. नियमित औषधांनी रुग्णाकडून होणारा प्रसार लवकर थांबतो. घरच्यांना मुख्य धोका निदानापूर्वीच्या काळात पोहोचलेला असतो. म्हणूनच नातवाला या आठवड्यातच सरकारी दवाखान्यात दाखवावे. पाच वर्षांखालील मुलांत हा रोग लवकर आणि गंभीर रूपात उद्भवतो, त्यामुळे त्याला क्षय नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध दिले जाते. घरातील मोठ्यांनीही त्याच फेरीत आपली तपासणी करून घ्यावी. आशाताईंना सांगितल्यास त्या कुठे आणि कधी जायचे ते सांगतील.