वाचकांचे प्रश्न : नाताळची देणगी आणि तपासणी

प्रश्न : नाशिकमधील आमच्या मंडळीचा महिला संघ दर नाताळला ब्लँकेटे वाटतो. यंदा त्या पैशांतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ठेवावी, असे मी सुचवले, तेव्हा ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, “असले विषय चर्चमध्ये नकोत.” माझे चुकले का?

उत्तर : मुळीच नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या आणि वैद्यांपायी सर्वस्व खर्चून बसलेल्या स्त्रीची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि ती व्यासपीठावरून मोठ्याने वाचली जाते. मग संकोच नेमका कशाचा? पंडिता रमाबाईंनीही १८९६ च्या दुष्काळानंतर निराश्रित मुली-बायकांना केडगावी आणले, तेव्हा अन्नवस्त्राबरोबर शिक्षण आणि हातांना कामही दिले. सरकारी आरोग्य कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी होते. व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून काही मिनिटांत गर्भाशयमुख पाहतात, भूल लागत नाही. तेव्हा पैसे तपासणीपेक्षा रिक्षाभाड्यासाठी, बुडालेल्या रोजासाठी आणि पुढील उपचारांसाठी राखावेत. ब्लँकेटेही द्या, थोडी कमी. आणि त्या ज्येष्ठ भगिनींनाच पहिल्या रांगेत बसवा. त्या आल्या, की सुना आपोआप येतील.