हत्यारं तुमची, नफा दोघांचा

प्रश्न : मी डिचोलीला राहतो, एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. कळंगुटच्या एका हॉटेलात पूर्वी पगारावर होतो. एप्रिल २०२५ पासून त्यांनी मला ‘कंत्राटदार’ केलं. आता महिन्याला ६० हजारांचं बिल देतो, ते १ टक्का टीडीएस (बिलातून आधीच कापायचा कर) कापतात. शॅक, व्हिला, घरगुती कामं धरून वर्षाची जमा १६ लाख झाली. गॅस, पाइप, हेल्परचा पगार, पेट्रोल जाऊन ९ लाख उरले. हॉटेलात मी नसलो तर हेल्पर जातो, हत्यारं माझीच असतात. करारात मात्र ९ ते ६ हजेरी, आठवड्याला एक सुट्टी आणि परवानगीशिवाय बाहेरचं काम नाही, असं लिहिलंय. पण ते कोणी पाळत नाही. डिसेंबरात २ लाख ४० हजारांची हत्यारं घेतली. त्यातलं ४० हजारांचं गॅस रिकव्हरी मशीन सेकंडहँड, रोखीने, बिलाशिवाय. मित्र म्हणतो, हॉटेलचे पैसे पगार म्हणून दाखव. अकाउंटंट म्हणतो, ६ टक्के नफा दाखव आणि मोकळा हो. पत्नी हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे, तिचा पगार साडेनऊ लाख. हत्यारांचा खर्च वजा मिळेल का?

उत्तर : पत्नीच्या पगाराचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात महाग ओळ तीच आहे. तिच्याकडे येतोच. आधी तुम्ही कोण, ते ठरवू.

हॉटेलने कलम १९४सी खाली, म्हणजे कंत्राटदाराचा म्हणून, टीडीएस कापला म्हणून तुम्ही कंत्राटदार ठरत नाही आणि मित्राने सांगितलं म्हणून नोकरही ठरत नाही. प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते बघितलं जातं. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांनाही कामगार मानलं. शिवणयंत्रं दुकानाची होती आणि शिवण पसंत नसेल तर ती नाकारायचा हक्क मालकाकडे होता, या गोष्टी तिथे वजनदार ठरल्या. तुमच्याकडे हत्यारं तुमची, हेल्पर तुमचा, गिऱ्हाइकं बाहेरचीही. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येणं ही तर नोकरीत न बसणारी गोष्ट. माझ्या मते हॉटेलचे ७ लाख २० हजारही धंद्याचंच उत्पन्न आहे.

करार मात्र उलटं बोलतो. हजेरी, सुट्टी, परवानगी ही तिन्ही कलमं नोकरीच्या नेमणूकपत्रातून जशीच्या तशी उचललेली दिसतात. नूतनीकरणाच्या वेळी ती काढून टाका. त्याऐवजी किती मशीनं सांभाळायची, बिघाड कळवल्यावर किती तासांत यायचं आणि माणूस पाठवायचा तुमचा अधिकार, एवढं लिहून घ्या. उद्या ग्रॅच्युइटीसाठी भांडायचा विचार मनात असेल तर आत्ताच सांगा. ‘मी धंदेवाला’ म्हणून सही केलेलं रिटर्न हॉटेलचा वकील लेबर कोर्टात पहिल्याच तारखेला पुढे करील. त्याने दावा संपत नाही, पण अडतो नक्की.

आता गोव्याची गोष्ट. बाहेरच्या अकाउंटंटकडून ती हमखास सुटते. आयकर कायद्याचं कलम ५अ आपल्या गोव्याच्या सिव्हिल कोडमुळे (लग्न आणि मालमत्तेचा कायदा) आलंय. ज्या नवरा-बायकोला कम्युनियन ऑफ असेट्स (दोघांची सामाईक मालमत्ता) लागू आहे, त्यांचं पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार ज्याचा त्याचा. हा पर्याय नाही, सक्ती आहे. लग्न गोव्यात नोंदवलं असेल आणि लग्नाआधी संपत्तीचा वेगळा करार केला नसेल, तर तुम्ही यात आलात. लग्नाची नोंदणी पक्की करणाऱ्या दुसऱ्या सहीनंतर मिळालेला दाखला कपाटातून काढा आणि तसा करार झाला होता का, तेही घरात विचारा. पुष्कळांना ते आठवत नाही.

म्हणजे पत्नीचा पगार तिचाच राहतो, पण तुमचा अर्धा नफा तिच्या उत्पन्नात जातो. २०२५-२६ साठी, नव्या करपद्धतीत हिशेब असा : पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८ लाख ७५ हजार, त्यात तुमच्याकडचे ४ लाख ४२ हजार ५०० (हा आकडा कसा आला, ते खाली). बेरीज १३ लाख १७ हजार ५००. बारा लाखांपर्यंत कर न लागण्याची सवलत गेली आणि सेससह सुमारे ८१ हजारांचा कर तिच्या डोक्यावर आला. तुमचा स्वतःचा कर शून्य. सगळा नफा तुमच्या एकट्याच्या नावावर धरला असता, तर दोघांनाही काही भरावं लागलं नसतं. मित्राचा सल्ला चवदार का लागतो, ते कळलं असेल : हॉटेलचे पैसे ‘पगार’ म्हटले की वाटणीतून सुटतात. पण दर्जा सोयीने निवडता येत नाही, आणि पगार म्हटलात की त्या रकमेतून हत्यारांचा एक रुपयाही वजा मिळणार नाही.

हत्यारांचं बघू. गॅस, पाइप, ब्रेझिंग रॉड यांसारखा माल पूर्ण खर्चात जातो. व्हॅक्यूम पंप, जेट वॉशर ही भांडवली वस्तू, त्यांच्यावर घसारा (झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट), दर १५ टक्के. घेतल्या त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर अर्धा, म्हणजे यंदा साडेसात टक्के. रोखीतल्या मशीनला काहीच नाही. एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांवर रोख दिले तर कलम ४३(१) प्रमाणे ती रक्कम किमतीतच धरली जात नाही, ना यंदा, ना पुढे कधी. राहिले दोन लाख, त्यावर १५ हजार घसारा. नफा ८ लाख ८५ हजार, त्याचा अर्धा वरच्या हिशेबात आलाय. पुढच्या वर्षी उरलेल्या १ लाख ८५ हजारांवर पूर्ण दराने २७ हजार ७५० मिळतील. बिलं जपून ठेवा, थर्मल कागदावरची असतील तर झेरॉक्स काढा; कालांतराने ती पुसट होतात.

अकाउंटंटचे ६ टक्के म्हणजे कलम ४४एडी, जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानायची सोय. सगळी जमा बँकेतून असेल तर १६ लाखांवर ९६ हजार नफा, रोख जमेवर ८ टक्के. वह्या ठेवायची कटकट नाही. घसारा मात्र त्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. आणि हा किमान आकडा आहे, त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायची सोय त्याच कलमात आहे. तुमची नोंदवही ९ लाख सांगत असताना ९६ हजारांवर सही करायला मी सांगणार नाही. बँकेतल्या मोठ्या ठेवी एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमचं वार्षिक माहितीपत्रक) दिसतात. शिवाय उद्या शिडीवरून किंवा स्कूटरवरून पडलात, तर नुकसानभरपाईत तुमची कमाई म्हणून रिटर्नमधलाच आकडा पहिला बघितला जातो. घरासाठी कर्ज काढतानाही तेच.

जीएसटीची काळजी सध्या नको, सेवांसाठी मर्यादा २० लाखांची आहे. सीझन जोरात गेला तर मात्र दर महिन्याला बेरीज मारत राहा.

तुम्ही आयटीआर-३ (धंदेवाल्यांचा रिटर्न फॉर्म) भरा, त्यात ५अ चं स्वतंत्र शेड्यूल आहे. तिथे पत्नीचा पॅन आणि वाटणी लिहायची. हॉटेलने कापलेल्या ७ हजार २०० टीडीएसचा अर्धा हिस्साही तिच्याकडे जातो. तिलाही दरवर्षीचा ‘सहज’ फॉर्म यंदा चालणार नाही. २०२५-२६ ला १९६१ चाच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा पुढच्या वर्षी हेच क्रमांक घेऊन कोणाशी वाद घालू नका. पत्नीचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा राहून गेलाय, त्यामुळे या वर्षी व्याज लागेल. यापुढे तिने शाळेच्या ऑफिसात तुमच्या नफ्यातला आपला हिस्सा लेखी कळवला, तर तो कर पगारातूनच कापून घेता येतो आणि १५ जूनपासूनचे हप्ते वेगळे भरत बसावं लागणार नाही.