ई-पुस्तकापुढचं शून्य

प्रिय मित्रा,

पुस्तक छापील आणि ई-पुस्तक अशा दोन्ही रूपांत काढण्याचा तुझा हिशेब वाचला. छापील आवृत्तीपुढे कागद, प्लेट, बाइंडिंग सगळं मांडलंस आणि ई-पुस्तकापुढे नुसतं शून्य. ते शून्य खोड. संपादन, मुद्रितशोधन, डीटीपी (संगणकावर पानं लावणं), मुखपृष्ठ हा खर्च पहिली प्रत निघायच्या आधीचा. वाचक कागदावर वाचो की मोबाइलवर, हा खर्च चुकत नाही.

मराठीत तर वर आणखी काम निघतं. तुझ्या लेखकांची जुनी पुस्तकं श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत बसवलेली असणार. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना बराचसा मजकूर नीट येतो, पण मध्येच 'कर्तव्य'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. म्हणजे अख्खं पुस्तक पुन्हा डोळ्यांखालून घालणं आलं. हे पैसे वाचवू नकोस. अशा चुकांनी वाचक वैतागतो आणि नाव लेखकाचं खराब होतं, याचं मला फार वाईट वाटतं. नवीन पुस्तक पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच कर.

आता छापील. समज, डेमी आकार, १६० पानं म्हणजे सोळा पानांचा एक असे दहा फॉर्म, किंमत २०० रुपये. वितरकाला शेकडा ४० दिलेस की ८० गेले, लेखकाचे दहा टक्के म्हणजे २०. उरलेल्या शंभरात छपाई, वाहतूक आणि परत आलेल्या प्रती. कागदावर जीएसटी भरायचा. पुस्तक करमुक्त, त्यामुळे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. वागळे इस्टेटमधला छापखाना सांगेल, हजार काढा, प्रत स्वस्त पडेल. पडेलही, कारण प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च हजार प्रतींत विभागला जातो. पण न खपलेले गठ्ठे ठाण्यातल्या वन बीएचकेत ठेवणार कुठे? प्लेट न लागणाऱ्या डिजिटल छपाईवर दोनशे प्रती काढ. प्रत महाग पडली तरी चालेल.

त्या दोनशे प्रतींचा ई-पुस्तकालाही फायदा आहे. २०१८पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के जीएसटी, नुसत्या ई-पुस्तकावर १८. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीचे ७० टक्के हवे असतील तर त्यांच्याशी ठरलेल्या मुदतीत ई-आवृत्ती दुसरीकडे विकता येत नाही, नाहीतर ३५ टक्केच मिळतात. सत्तर टक्क्यांत फाइलच्या आकाराप्रमाणे कपातही होते, तेव्हा चित्रं हलकी ठेव.

टपालाचं मात्र अवघड झालंय. पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालसेवा, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, छोट्या प्रकाशकांचा तिचा मोठा आधार होता. मे २०२५पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, शिवाय कर वेगळा. तुझं पुस्तक त्या नियमांत बसतं का, ते किंमत छापण्याआधी पोस्टात विचारून घे.

नवा हिशेब शनिवारपर्यंत पाठव. मुद्रितशोधकाचे पैसे दोन्ही रकान्यांत दिसू देत.

सस्नेह,
तुझा मित्र